जुनी प्रत

सोमवारी सकाळी सर्व्हरने माझी कमिट परत फेकली. तीन आठवड्यांच्या रजेनंतरचा पहिलाच दिवस आणि बदल केवढा, तर दोन ओळींचा. कमिट करायचं म्हणजे प्रोग्रॅममध्ये केलेला बदल सगळ्यांच्या सामाईक साठ्यात नोंदवायचा. नोंदीवर करणाऱ्याचं नाव, तारीख आणि कारण बसतं. आमचा प्रोग्रॅम रुग्णवाहिका पाठवतो. फोन आला की जवळची गाडी कुठली, तिने कुठल्या रस्त्याने जायचं, हे तो ठरवतो. तीन वर्षं मी तो लिहीत होते.

पासवर्ड तपासला, नेटवर्क तपासलं, डिस्क भरली नाही ना तेही पाहिलं. कमिट पुन्हा पाठवली आणि पुन्हा तेच उत्तर आलं: तुमच्याकडचा इतिहास इथल्या इतिहासाशी जुळत नाही.

आमच्या टीमचे मुख्य म्हणजे माझे भावोजी, ताईचे यजमान. मला इथे चिकटवलं त्यांनीच, आणि ते मला कधी विसरूही देत नसत. ऑफिसात मी त्यांना सर म्हणते. ते टेबलापाशी आले आणि म्हणाले, जुनी प्रत उडव, नवी उतरवून घे, सगळ्यांनी घेतलीय, दोन मिनिटांचं काम. दुपारी पुन्हा आले. संध्याकाळी घरी फोन केला. ज्या माणसाला ताईच्या ऑपरेशननंतरच्या तीन आठवड्यांत बायकोच्या गोळ्यांची वेळ एकदा आठवली नाही, त्याला माझी कमिट दिवसात तीनदा आठवावी, हे काही मला पचेना.

मंगळवारी मी जुनी प्रत न उडवता नवी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवली आणि दोन्ही इतिहास शेजारी शेजारी उघडले. फाटा कुठून फुटतो ते शोधायचं होतं. तो पहिल्याच नोंदीपासून फुटत होता. तीच तारीख, तोच बदल, कारणही माझ्याच शब्दांत. नाव मात्र भावोजींचं. दुसऱ्या नोंदीवर तेच, शंभराव्या नोंदीवरही तेच. माझ्या प्रतीत माझ्या नावावर चारशे बारा नोंदी होत्या, सर्व्हरवर त्यांच्या नावावर चारशे अकरा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी यांच्या घरी यांच्या बायकोचं पथ्यपाणी सांभाळत होते, ऑपरेशननंतर तिला धरून न्हाणीघरापर्यंत नेत होते, आणि इकडे हे माझं नाव खरवडून काढत होते. जुन्या नोंदी बदलल्या की त्यांच्या खुणाही बदलतात, म्हणून सर्व्हर माझ्या प्रतीला ओळख देईना. एवढाच तो बिघाड. बाकी सगळ्यांच्या प्रती त्यांनी बदलून घेतल्या होत्या, पण माझा लॅपटॉप बॅगेत, ताईच्या पलंगाखाली होता.

गुरुवारी बैठक होती. तीन वर्षांचं काम दाखवून भावोजी मोठ्या मॅडमकडून विभागप्रमुखपद घेणार होते. मी ठरवलं, उट्टं काढायचं ते तिथेच. बुधवारभर भोळा चेहरा करून बसले. कमिट अजून चढत नाहीये, असं त्यांनाच दोनदा सांगितलं. ताईचा फोन आला. म्हणाली, यांना पद मिळालं की तुझंही बघतील. मी हो हो म्हटलं. मला भावोजींची नाचक्की बघायची होती, आणि त्या विचाराने मला दिवसभर गुदगुल्या होत होत्या, हे कबूल करते.

गुरुवारी त्यांचं दाखवून झालं तसा मी हात वर केला. चार दिवस माझी कमिट अडलीय, सगळ्यांसमोरच सोडवते, म्हटलं. भावोजी म्हणाले, नंतर बघू. मॅडम म्हणाल्या, चार दिवस म्हणजे फार झाले, आत्ताच बघू. मी लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला. डावीकडे माझी प्रत, उजवीकडे सर्व्हरची. बोलावं लागलंच नाही. मी नुसती एकेक पान खाली सरकवत गेले. लोक आधी पडद्याकडे बघत होते, मग भावोजींकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला इतका आनंद झाला की मी पानं मुद्दाम आणखी सावकाश सरकवायला लागले.

ते उठून माझ्या खुर्चीमागे आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "आता थांब. शेवटची नोंद तुझी आहे. तिच्यावर मी भिंगचं नाव घातलंय. ताईसाठी वाचवलं तुला."

भिंग आमची टेस्टर, माझ्या शेजारच्या टेबलावरची. बारीकातली बारीक चूक पकडायची म्हणून हे नाव. माझ्या रजेच्या पहिल्याच आठवड्यात एक रुग्णवाहिका शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, त्याच नावाच्या रस्त्यावर गेली. एक आजोबा चाळीस मिनिटं जिन्यात पडून होते. वाचले, पण त्यांची एक बाजू कायमची गेली. चौकशीत रस्त्यांची नावं जुळवणारी ओळ सापडली, नोंदीवर भिंगचं नाव सापडलं, आणि तिला काढून टाकलं. मला हे फोनवर कळलं होतं. वाईट वाटलं, आणि मी ताईचं सूप गरम करायला उठले होते.

ती ओळ मी रजेच्या आदल्या दिवशी घाईघाईत बदलली होती. आता आठवलं. चारशे बारातली एक नोंद कुठे गेली, हे रागाच्या भरात मी बघितलंच नव्हतं.

तिथे थांबले असते तरी चोर चव्हाट्यावर आला होता. पण थांबले असते तर आम्ही दोघं एका माळेचे मणी ठरलो असतो, आणि या माणसाचा उपकार मला जन्मभर पुरला असता. मी शेवटचं पान सरकवलं.

मॅडमनी दोन्ही नावं वाचली. ही नोंद नक्की कुणाची, असं त्यांनी विचारलं.

"माझी," मी म्हणाले.

दुपारी सर्व्हरवर जुना इतिहास परत बसला आणि माझी कमिट पहिल्याच फटक्यात चढली. चौकशी होईपर्यंत आम्हा दोघांनाही घरी बसायला सांगितलं. ताईने फोन उचलला नाही. मग ऑफिसच्या जिन्यातून मी भिंगला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी विचारलं, ती ओळ माझी होती हे तुला कसं कळलं नाही.

"कळलं होतं की. तो बदल तू मला दाखवला होतास. उद्या बघते म्हटलं, तर तू लगेच चढवून निघून गेलीस. चौकशीत सांगितलं मी. पण पडद्यावर माझं नाव होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू फोन करशील म्हणून आठवडाभर वाट पाहिली," ती म्हणाली. "नाही केलास. मग वाटलं, तुम्ही दोघांनी मिळूनच केलंय. घरचीच माणसं तुम्ही."