बाद होण्याचा बेत

— हॅलो, हॅलो. संध्याकाळी ह्याच मैदानात हळदीचा कार्यक्रम आहे, तेव्हा सामना वेळेत संपवायचाय. मंडपवाल्यांनी बांबू आखलेल्या रेषांच्या बाहेर ठेवावेत. उद्या संपकऱ्यांची सभा, तीही इथंच.

माईकवर तात्या. नायगावातलं हे स्टेडियम महापालिकेचं, त्यामुळं तिथं सगळंच व्हायचं. लग्नं, सभा, लशी टोचणं, एकदा तर कोंबड्यांचं प्रदर्शन. मधल्या वेळात कबड्डी.

गिरणी संपाला वर्ष होत आलं होतं. आपली मिल चालू आहे हे दाखवायला मालकांनी स्पर्धेत संघ उतरवला. जयवंतला मिलमध्ये नोकरी लागली होती ती कबड्डीवर; आता तोही संपावर. लेबर ऑफिसर स्वतः चाळीत येऊन गेला. "खेळलास तर नाव पटावर राहील. नाहीतर..." असं म्हणून तो जिना उतरला.

समोरचा संघ चाळीच्या मंडळाचा. सगळे संपावरचे. कॅप्टन कुशाबा, जयवंतच्याच मजल्यावरचा. दोघं एकाच मातीत खरचटून शिकलेले.

जयवंतनं बेत केला. मिलची जर्सी घालायची, पहिल्याच चढाईत बाद व्हायचं आणि बाजूला बसून राहायचं. मिलला दिसेल की खेळला. चाळीला दिसेल की नाही खेळला.

"म्हणजे दोन्ही पंगतींत बसणार," बायको शेवंती म्हणाली.

— मिलची पहिली चढाई. जयवंत. अरे, अरे! रेषेबाहेर पाय. जयवंत बाद.

तो जाऊन बसला. आता कबड्डीत असं असतं, की आपल्या संघानं समोरचा एक गडी मारला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन आत येतो. जो आधी बाद, तो आधी आत. हे जयवंतला हाफ चड्डीत असल्यापासून ठाऊक. पण त्याची भिस्त आपल्या संघावर होती. दोन कारकून, एक टाइमकीपर, दोन वॉचमन. ह्यांच्या हाती म्हैस लागली नसती, गडी कुठला लागतोय!

सातव्याकडं त्यानं नीट पाहिलंच नव्हतं. तो बुधाजी, भायखळ्याच्या भाजी मार्केटातला हमाल, मिलनं त्या दिवसापुरता आणलेला. मंडळाचा पहिला गडी चढाईला आला, बुधाजीनं त्याला कांद्याच्या गोणीसारखा उचलला आणि खाली ठेवला.

— जयवंत जिवंत.

जयवंत उठला. पुढच्या चढाईत पुन्हा रेषेबाहेर गेला. बुधाजीनं पुन्हा एक गोणी उतरवली.

— जयवंत बाद. जयवंत जिवंत. अरे बाबा, बस तरी नाहीतर खेळ तरी!

स्टँड हसून लोळत होतं. कुशाबा हसत नव्हता.

मध्यंतरात नळावर त्यानं जयवंतला गाठलं. "भीक घालतोस काय रे आम्हाला?"

"तसं नाही रे."

"मग कसं? मिलकडनं खेळतोस, त्याचा हिशेब चाळ बघेल. पण माझ्यासमोर असं लंगडं खेळू नको. जिंकायचं तर तुला मारून जिंकेन."

जयवंतनं तोंडावर पाणी मारलं. एवढ्या महिन्यांत त्याला कुणी इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या डावात तो खेळला. मिल त्याच्या डोक्यातून गेली, संप गेला, फक्त कोपरे उरले आणि पाय. पिछाडी भरत आली. शेवटच्या चढाईला मिल एका गुणानं मागं होती आणि दम घेऊन निघाला तो जयवंतच.

एका कोपऱ्यातला गडी मारला. दुसरा मारला. दोन गुण घेऊन तो वळला आणि कुशाबानं झेपावून त्याचा घोटा धरला. जयवंत आडवा झाला, सगळा जोर लावून सरपटला, हात लांब केला. मध्यरेषा वीतभर राहिली. तिथं दम तुटला आणि मारलेले दोन्ही गुण गेले.

अशी पकड कुशाबाला पुन्हा कधी साधली नाही.

मंडळ जिंकलं. स्टँड मैदानात उतरलं आणि त्यांनी उचललं ते जयवंतला.

"शाब्बास रे जयवंता! शेवटी आमचाच निघालास!"

"काय पडलास, काय पडलास! नाटकात घाला ह्याला!"

"अरे, मी पडलो नाही," जयवंत वरून ओरडत होता. "त्यानं धरला मला!" लोक आणखी हसले. लेबर ऑफिसर कधीच निघून गेला होता. कुशाबा बसला होता तिथंच बसून होता. कुणी त्याला हातसुद्धा दिला नाही.

— मैदान खाली करा. गाद्या आल्यात. नवरीकडची माणसं गेटवर खोळंबलीत.

मंडपवाले सतरंज्या टाकत पुढं येत होते. गर्दीनं खाली सोडल्यावर जयवंत कुशाबाकडं गेला. "पकड खरी होती तुझी. आईशप्पथ."

"पहिले दोनदा बाद झालास, ते?"

"ते मुद्दाम. हे नाही."

"हे कशावरून नाही?"

कुशाबा उठला, मातीतून चालत मागच्या रेषेवर जाऊन उभा राहिला. वाकला. दोन्ही हात पसरले.

"ये पुन्हा. आत्ता. दोघंच. बघू सुटतोस काय."

जयवंत मध्यरेषेवर आला. त्यानं छातीभर दम घेतला. तोंडातून पहिलं 'कबड्डी' निघायच्या बेतात होतं, तेवढ्यात त्याला दिसलं. सुटलो, तर मघाशी मुद्दाम सोडलं हे ठरलं. सापडलो, तर आताही सोडतोय असं ठरणार.

त्यानं दम सोडून दिला.

"काय झालं?"

"काय नाही."

"म्हणजे सोडलंसच," कुशाबा म्हणाला.

त्यानं हात खाली घेतले, गुडघ्याची माती झटकली आणि जिंकलेला संघ ज्या गेटानं गेला होता ते टाळून दुसऱ्या गेटानं बाहेर पडला. जयवंत मध्यरेषेवर उभाच होता. एका मंडपवाल्यानं त्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि रेषेवरून सतरंजी ओढली.