मावशीची लाल खूण

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या. टाकीला पोचे, सीटला ठिगळे, आरसे नाहीत, दिवा नाही आणि दिव्याच्या जागी पत्र्यावर रंगवलेला एक आकडा. मी एक जुनी मोटारसायकल आहे, हे मी नाकारत नाही. पण मला भंगार म्हणाल तर आपले जमायचे नाही. मी शर्यतीची गाडी आहे आणि थोडी गर्विष्ठही आहे. हा गर्व मला कसा शोभतो, तेच आज सांगायचे आहे.

जन्माने मी साधीच. कचेरीत जावे, येताना भाजी आणावी, एवढ्यासाठीच कारखान्याने मला घडवले होते. मला घेतले ते कपडे शिवणाऱ्या एका बाईने. घरात सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिचा भाऊ, म्हणजे मामा, लोखंडी फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. एकदा ही दोघे भावंडे हौशी लोकांच्या मोटारसायकल शर्यती बघायला गेली आणि मावशी परत आली ती पार बदलून. दुसऱ्याच दिवशी तिने माझे आरसे काढले, दिवा काढला, आणि मागचा कॅरिअर उचकटून कापडाचे तागे ठेवायला भिंतीवर ठोकला. मला वाटले, बाईला वेड लागले. पण पहिल्यांदा ट्रॅकवर पळाले आणि ते वेड मलाही लागले.

आठवडाभर कात्री आणि रविवारी हेल्मेट, असा मावशीचा क्रम होता. ती अंगाने चांगली भरलेली होती. तिच्या वजनाने मी मागे फार दबू नये म्हणून तिने धक्के झेलणाऱ्या माझ्या मागच्या शॉकअपची स्प्रिंग आवळायला घेतली. शॉकअपवर एक खाचांची कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग घट्ट होते किंवा सैल होते. मावशी कडी फिरवायची, एक चक्कर मारून यायची, पुन्हा फिरवायची. अखेर मनासारखे जमले तेव्हा तिने आपले लाल नेलपेंट आणले आणि कडीवर एक ठिपका दिला.

"ही खूण कुणी हलवायची नाही," तिने मामाला बजावले. "हललेली दिसली तर हात मोडीन."

मामा तोंडाने फटकळ, पण थोरल्या बहिणीपुढे मांजर होतो. त्या दिवसापासून ती खूण म्हणजे घरातला कायदा झाला.

त्या खुणेवर आम्ही दोघी वर्षानुवर्षे पळालो. दर वर्षी हंगामाच्या शेवटी गुणांची बेरीज व्हायची, चषक कुणीतरी दुसराच उचलायचा आणि आम्ही दुसऱ्या यायचो. इतक्या वेळा आलो की शर्यती भरवणाऱ्या क्लबात माझे नावच 'उपविजेती' पडले. मावशी वरवर हसायची. पण परतताना मामाच्या टेम्पोत ती पुढे न बसता मागे माझ्याजवळ बसायची, आणि मला फार वाईट वाटायचे.

पुढे तिचा गुडघा कामातून गेला. मी शिलाईच्या दुकानात कोपऱ्यात उभी राहिले. माझ्या सीटवर तागे आले, हँडलवर अर्धवट शिवलेले कोट आले. एका गिऱ्हाईक बाईने तर ओली छत्री माझ्या ब्रेकला अडकवली. तो अपमान मी आजही विसरलेले नाही.

तिथून मला बाहेर काढले ते मावशीच्या भाचीने. ही शाळेत भूगोल शिकवते. अंगाने इतकी किरकोळ की घरात तिला चिमणीच म्हणतात. तिने तागे उचलले, माझी गंजलेली चेन रॉकेलने धुतली आणि मावशीकडे नुसते बघितले.

"घे," मावशी म्हणाली. "पण खुणेला हात लावायचा नाही."

चिमणीने मान डोलावली. आमचा घरचा ट्रॅक इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत होता, त्यामुळे तिथे काहीच अडले नाही. पोरगी धीट होती. त्या वर्षी गुणांच्या यादीत पहिल्यांदाच आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो, आणि आमच्या अगदी पाठोपाठ होते एक दातांचे डॉक्टर.

नेमका तेव्हाच घरचा ट्रॅक डांबरीकरणासाठी उखडला गेला. शेवटची शर्यत दूरच्या एका ट्रॅकवर ठरली. आम्ही तो कधी पाहिलाही नव्हता, आणि डॉक्टरांचे तर ते अंगण! हिशेब अगदी सरळ होता. आम्हा दोघांत जो पुढे येईल, चषक त्याचा.

मामाच्या टेम्पोतून आम्ही तिथे पोहोचलो. सरावाच्या पहिल्याच फेरीत माझी फजिती झाली. लांबलचक सरळ रस्त्यावर माझा सगळ्यात वरचा गिअर अर्ध्यातच संपला आणि मी नुसतीच किंचाळत राहिले. मामाने लगेच मागचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चक्र, काढून कमी दातांचे बसवले. त्याने मला दम मिळाला. मामाला काम कळते, यात वाद नाही.

पण खरे दुखणे पुढेच होते. त्या सरळ रस्त्याच्या शेवटी एक उजवे वळण होते आणि त्यावर डांबराची ठिगळेच ठिगळे होती. तिथे चिमणीने ब्रेक दाबला की माझे मागचे चाक जमीन सोडून टणाटण उडू लागायचे. ती वळणाबाहेर फेकली जायची आणि डॉक्टर आरामात निघून जायचे.

"मामा, ही मागून उड्या मारतेय," चिमणी परत येऊन म्हणाली.

"हवा कमी करू."

हवा कमी केली; मी मऊ पडले आणि तरीही उडत राहिले. हवा आणखी कमी केली. पुढचा शॉकअप सैल केला. ब्रेकची पट्टी हलवली. मामाचा हात एकदा मागच्या कडीपर्यंत आलाही होता, पण लाल ठिपका दिसताच चटका बसल्यासारखा मागे गेला. चिमणीने ते पाहिले आणि तोंड फिरवले. दोघांनाही दुखणे कुठे आहे ते कळत होते, पण कडीचे नाव कुणी घेईना. मला तर ओरडावेसे वाटत होते. अरे, दुखतेय तिथे हात लावा ना! पण मला उड्या मारण्यापलीकडे बोलता येत नाही, आणि त्या तर मी केव्हाच्या मारत होते.

मावशी स्टुलावर बसून हे सगळे पाहत होती. ती उठली आणि लंगडत माझ्याजवळ आली.

"चिमणे, बस बघू गाडीवर."

चिमणी बसली. मी तसूभरही दबले नाही. मावशीने कपड्याचे माप बघावे तसे डोळे बारीक करून मला बघितले. "उतर," ती म्हणाली, "आता पुन्हा बस." मी पुन्हा ढिम्म.

"अरे देवा! माझ्या मापाचा कोट या पोरीला घातलाय आणि वर विचारता, अडखळते कशी!" ती एकदम म्हणाली. "चिमणे, तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी खूण आहे ना, मावशी."

मावशीने त्या ठिपक्यावरून बोट फिरवले. खरे सांगते मित्रांनो, त्या क्षणी मलाही भरून आले. ती खूण म्हणजे तिचे सगळे रविवार होते, आणि या वेड्या पोरीने हातचा चषक घालवायची तयारी केली होती, पण तिच्यावर बोट ठेवले नव्हते. मावशीने मामाच्या हातातला पाना घेतला, दुखरा गुडघा तसाच टेकला आणि कडी फिरवली. नेलपेंटचा टवका उडाला.

"बघत काय बसलास?" ती मामावर खेकसली. "हवा होती तेवढी भर, बाकीचंही होतं तसं कर. आणि आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चारही टाके एकदम उसवले तर चुकलं कुठे ते कळणार कसं?"

एक खाच सैल केली, चिमणी चक्कर मारून आली. आणखी एक केली, पुन्हा गेली. या वेळी ठिगळांच्या वळणावर माझे चाक रस्त्याला चिकटून राहिले. कित्येक वर्षांनी मला मोकळा श्वास घेता आला! चिमणी हेल्मेट काढून हसत सुटली.

सरावात वेळ मोजली गेली तेव्हा आम्ही उड्याच मारत होतो, म्हणून शर्यतीला आम्हाला मागच्या रांगेत उभे केले होते. झेंडा पडला आणि आम्ही एकेकाला गाठत सुटलो. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा पुढे फक्त डॉक्टर उरले होते. त्यांची गाडी नवीकोरी आणि ट्रॅक तोंडपाठ. ठिगळे चुकवायला ते दर वेळी लांबून वळसा घ्यायचे, कारण तिथले मुरलेले लोक ठिगळांवरून जातच नसत.

आम्ही गेलो. चिमणीने उशिरा ब्रेक दाबला आणि मला सरळ त्या ठिगळांवर घातले. मी दबले, उठले, पुन्हा दबले, पण जमीन सोडली नाही. वळणातून बाहेर पडलो तेव्हा डॉक्टर आमच्या मागे होते. वळणापुढच्या सरळ पट्ट्यावर त्यांनी जिवाचे रान केले, पण मामाच्या स्प्रॉकेटनेही कसर ठेवली नाही. चौकड्यांचा झेंडा आमच्यावर फडकला. पहिल्या! मित्रांनो, आम्ही पहिल्या आलो!

मामा नाचत होता. मावशी गुडघा विसरून धावत आली, आणि तिने आधी मिठी मारली ती माझ्या तापलेल्या टाकीला. भाजलेच तिला, पण सोडले नाही. डॉक्टरही दिलदार निघाले. ते चिमणीला म्हणाले, "इतक्या लोकांचे दात बघितले, पण माझेच घशात घालणारी आज भेटली."

मग मावशीने पर्समधून नेलपेंटची बाटली काढली आणि चिमणीच्या हातात दिली. चिमणीने कडीच्या नव्या जागेवर ठिपका दिला. जुन्याचा अर्धा टवका शेजारी तसाच राहू दिला.

"आता ही हलवली तर हात कोण मोडणार?" मामाने विचारले.

"कुणी नाही," मावशी म्हणाली. "पुढे जी बसेल ती आपलं वजन बघून फिरवेल."

तो चषक आता दुकानाच्या काचेत आहे आणि मी त्याच्या शेजारी, दर रविवारी पळायला तयार. तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात उभे असेल, तर त्याच्या अंगावरचे कपडे आधी उचला. चेनला तेल द्या. वर बसणारे माणूस बदलले असेल, तर माप पुन्हा घ्या. आणि मला भेटायला जरूर या. माझ्या दोन्ही लाल खुणांवरून खुशाल बोट फिरवा. फक्त ब्रेकला छत्री अडकवू नका.