खाखऱ्याची रोटली

खाखऱ्याला पांजरपोळात धाडायचं, असं जशुभाईंनी कपिलाबेनच्या ओट्यावर उभं राहून बजावलं, तेव्हा खाखरा त्यांच्याच चपलांवर भुंकत होता.

"अमावास्येला गाडी बोलावलीय. माझा नातू दुपारचा डोळा मिटेल तर शपथ! कुत्रा पाळलाय की गिरणीचा भोंगा?"

"लहान आहे हो अजून. शिकेल," कपिलाबेन म्हणाल्या.

"आणखी काय शिकायचं राहिलंय त्याचं?"

अहमदाबादच्या त्या अरुंद पोळेत, जुन्या घरांच्या गल्लीत, एका गॅलरीतून समोरच्या गॅलरीत चटणीची वाटी हातोहात देता येते. तिथे भुंकणं कुठे लपणार? पिल्लू गटाराशी सापडलं तेव्हा वाळल्या कडक रोटलीसारखं चपटं झालेलं, म्हणून नाव खाखरा. नवरा गेल्यापासून कपिलाबेनच्या घरात बोलायला कुणी नव्हतं. हा आला आणि बाई घरात पुन्हा मोठ्यानं बोलू लागल्या. तो गेला की परत भिंतींशी गप्पा. ते त्यांना नको होतं, मुळीच नको होतं.

ओरडून पाहिलं, तर त्याला वाटलं बाईही साथ देतेय. बांधून पाहिलं, तर आवाज दुप्पट. शेवटी त्या तुरीच्या शेंगा घेऊन ओट्यावर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या.

खाखरा भुंकला. वरून जशुभाईंच्या आईची, मणिबांची, तूप लावलेली रोटली खाली आली. "घे बापड्या, गप बस." ती खाऊन तो शेजारच्या दारात जाऊन भुंकला. तिथेही तेच. पहिली रोटली गाईची, शेवटची कुत्र्याची, हा साऱ्या पोळेचा नेम. घरबसल्या पुण्य मिळायचं आणि घटकाभर आवाजही बंद व्हायचा. संध्याकाळी तर स्कूटर लावताना खुद्द जशुभाईंनीच खिशातला गाठिया फेकला! कपिलाबेनना संताप आला आणि हसूही. मग आठवलं, कालची रोटली आपणही तो भुंकल्यावरच टाकली होती.

त्या घरोघर गेल्या. "तोंड मिटलेलं असेल तरच घाला. भुंकला की पाठ फिरवा."

"मुक्या जिवाला उपाशी ठेवल्याचं पाप माझ्या माथी?" मणिबा कडाडल्या.

"मुका असता तर रडगाणं कशाला होतं, बा? गप्प बसल्यावर दोन घाला. दान चालू ठेवा, लाच बंद करा."

"जिभेला हाड नाही तुझ्या," मणिबा म्हणाल्या, पण हातातली रोटली डब्यात ठेवली.

रोटली येईना, तसं खाखऱ्यानं पोळ डोक्यावर घेतली. कपिलाबेन पाठ फिरवून शेंगा सोलत राहिल्या.

"बेन, शेंगा संपल्या, आता बोटं सोलताय!" वरून कुणीतरी ओरडलं. त्यांनी मान वर केली नाही. दम खायला तो थांबला, की त्याच क्षणी तुकडा पुढ्यात. हळूहळू त्याचं थांबणं लांबत गेलं.

अमावास्या आली, गाडीही आली. परका माणूस हातात फास घेऊन उतरला आणि खाखरा जीव तोडून भुंकू लागला. गॅलऱ्या भरल्या. जेवणं नुकतीच उरकली होती, शेवटच्या रोटल्या हातातच होत्या. मणिबांचा हात कठड्याबाहेर आला.

"बा!" कपिलाबेन एवढंच म्हणाल्या.

हात तिथेच थांबला. मग सगळेच थांबले. कपिलाबेननी पाठ फिरवली.

खाखऱ्यानं ही गॅलरी पाहिली, ती पाहिली. अर्धं भुंकणं घशातच गिळलं आणि मागचे पाय दुमडून खाली बसला.

"तो भुंकणारा कुत्रा हाच ना?" गाडीवाल्यानं विचारलं.

जशुभाई स्कूटरपाशी उभे होते. त्यांनी खिशातून गाठिया काढला, वाकले आणि खाखऱ्याच्या तोंडापुढे धरला.

"पत्ता चुकलात, भाई," ते म्हणाले. "आमच्या पोळेत कुणी भुंकत नाही."