मयताचा श्वास

"ताई, तुमच्या सासऱ्यांच्या छातीत काहीतरी वाजतंय. एकदा डॉक्टरला दाखवून घ्या," सिद्धोधन म्हणाला तेव्हा मी लेकीचं दुपटं शोधत होते. मी म्हटलं, "घोरणं आहे हो ते. सगळ्या गल्लीला माहीत आहे." तो केबल गुंडाळत राहिला.

सिद्धोधन गंगाखेडचा. एका लघुपटाचं ध्वनिमुद्रण त्याच्याकडं होतं, आणि शूटिंग दोन दिवस आमच्या सोनपेठच्या घरात. गोष्ट आमच्यासारख्याच लिंगायत घरातली, म्हातारा वारल्यावर भांडणाऱ्या मुलांची. मयत व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा माझे सासरे सांबप्पा, मी त्यांना मामा म्हणते, स्वतःच पुढं झाले. दुकानात बसून कंटाळले होते बिचारे. मला त्यांच्या उशाशी बसून रडायचं काम मिळालं. माईक माझ्या पदराखाली.

सिद्धोधननं पंखे बंद केले, फ्रिज बंद केला. परत चालू करायचा विसरू नये म्हणून आपल्या मोटरसायकलची चावीच फ्रिजमध्ये ठेवली. माझ्या बांगड्यांना दोरा गुंडाळला. टेकच्या आधी सगळ्यांना केळी खायला लावली, कारण उपाशी पोटं माईकमध्ये बोलतात म्हणे. तरी पहिल्याच टेकला त्यानं हात वर केला. मयत श्वास घेत होतं, आणि तो ऐकू येत होता.

दिग्दर्शकानं दम धरायला सांगितलं. मामांना वीस आकडे मोजेपर्यंतसुद्धा तो धरवेना. शेजारचे मुंजाजी काका दारातून म्हणाले, "सांबप्पा, मेल्यावर तरी गप पड की." सगळे हसले. मामाही हसले, आणि हसता हसता खोकत राहिले. चौथ्या टेकला ते उठूनच बसले.

"आमच्यात मयताला आडवं न्हाई ठेवत. बसवतात. मला बसवा."

दिग्दर्शक खूश झाला. भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून, डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवून मामांना बसवलं. आणि श्वासाचा आवाज गेला. एका टेकमध्ये सीन झाला. अडचण मिटली असंच सगळ्यांना वाटलं, मलाही. फक्त सिद्धोधन हेडफोन गळ्यात टाकून मामांकडं बघत होता. सामान आवरताना माझ्याशी बोलला ते त्यामुळंच.

मी तशी बेफिकीर नाही. लेक तिसऱ्या महिन्यात न्यूमोनियानं दवाखान्यात होती. तेव्हापासून ती झोपली की मी मोबाइलवर मिनिट लावून तिचे श्वास मोजते. शूटिंगनंतर, ती झोपते त्याच खोलीच्या दाराबाहेर मामा दुपारचे भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपायला लागले होते. आधी पाठीला एक उशी, मग दोन, मग तीन. तिन्ही मीच आणून दिल्या. "अजून मयताचं काम सुटलं न्हाई का रे?" मुंजाजी काका विचारायचे. पायांवर सूज दिसली, तेव्हा वाटलं, बसून बसून आली असेल. नवऱ्याला, वैभवला, सांगून एक नंबर मोठी चप्पल आणवली.

परवा सकाळी मामा बाजारातून आले ते बोलूच शकेनात. वैभवनं जीप आणली. लेकीला मुंजाजी काकांच्या घरी टाकलं आणि परभणीला निघालो. आराम पडावा म्हणून मी मामांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं. ते सारखे उठायला बघत होते. ओठांवर फेस आला होता. मी त्यांचे खांदे दाबून म्हणत होते, "पडून राहा मामा, पडून राहा."

अर्धा रस्ता मी दाबून धरलं. मग त्यांनीच उठायचं सोडून दिलं.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, झोपतात कसे? मी सांगितलं, बसून. मग त्यांनीच समजावलं की हृदय कमजोर झालंय, फुप्फुसात पाणी साठतंय, आडवं झालं की श्वास कोंडतो. कधीपासून आहे, असं विचारलं तेव्हा वैभव माझ्याकडं बघायला लागला. मला शूटिंगची तारीख पाठ होती.

काल सिद्धोधनला फोन करून तो वाया गेलेला पहिला टेक मागवून घेतला. "मी अजून एकदा म्हणायला पाहिजे होतं, ताई," एवढंच बोलला तो. इथं दवाखान्याच्या बाकड्यावर बसून इअरफोन लावून ऐकला. वर माझं खोटं रडणं, आणि त्याच्याखाली, भिजलेल्या कडब्यावरून कुणी चालत यावं तसा आवाज. मी हातभर अंतरावर बसले होते.

काचेपलीकडं त्यांचा पलंग डोक्याकडून उंच केलाय. आत सोडत नाहीत. विचारलं तर म्हणतात, आत्ताच काही सांगता येत नाही. मोजायला गेले तरी इथून श्वास दिसत नाहीत, नुसती चादर दिसते.

तुमच्या घरात कुणी अलीकडं एक उशी जास्त मागत असेल, भिंतीला टेकून झोपत असेल, तर हे वाचणं इथंच ठेवा. जाऊन त्यांच्याजवळ बसा, आणि आडवं का होत नाही ते विचारा.