ओबेड फेनचं जाणं

पर्किसने चहाच्या पाण्यातून कागद अलगद उचलला, निथळू दिला आणि धुणीघरातल्या दोरीवर मालकाच्या दोन सदऱ्यांमध्ये वाळत घातला.

"वाळला की लिहायचं. मग चार दिवस तुझ्या बुटात. पाच महिने जहाजात सडलेलं पत्र कोरं करकरीत कसं दिसेल?"

म्हातारा पर्किस खोट्या सह्यांपायी विलायतेतून हद्दपार होऊन या कैद्यांच्या बेटावर आला होता. डर्वेंट नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्या हाताला तोड नव्हती. केझाया ट्रॉट आली ती दोन चमचे चोरल्याबद्दल, सतराव्या वर्षी. मालकाच्या घरी राबून शिक्षेची पाच वर्षं सरली होती, दोन उरली होती.

"हं, बोल. नवऱ्याला मारायचा कसा?"

केझाया चादर पिळत राहिली.

नवरा तिला कधीच नव्हता. जहाजावर नावनोंदणीच्या रांगेत पुढच्या बाईने मागे वळून कानात सांगितलं होतं, "लग्न झालंय म्हण, पोरी. खलाशी जरा तरी बिचकतात." कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा समोर पाण्याचं पिंप होतं, त्यावर ते बनवणाऱ्याचं नाव डागलेलं होतं. ओबेड फेन. तिला अक्षरं लावता येत होती तेवढी तिने लावली. धंदा? "पिंपं करतो." कारकुनाने लिहून घेतलं.

आता लाकूड कापणाऱ्या सायलस ग्रिबलने तिला मागणी घातली होती. कैद्याच्या लग्नाला सरकारची परवानगी लागते, आणि सरकारच्या वहीत ती विवाहित होती. नवरा मेल्याचा कागद आणल्याशिवाय पाद्री अर्ज पुढे पाठवणार नव्हता. खरं सांगावं, तर सरकारशी खोटं बोलल्याबद्दल बायकांचा तुरुंग, आणि सायलस कायमचा हातचा जाणार.

"बुडवू या," पर्किस म्हणाला. "सगळ्यात सोपं. प्रेताची भानगड नाही."

"नको. त्याला पाण्याची भीती वाटते."

पर्किसने टाक खाली ठेवला. "कोणाला?"

तिने चादरीला आणखी एक पीळ दिला.

जहाजाच्या तळाशी, जिथे दिवस आहे की नाही ते कळायचं नाही, तिथे तिने त्याला थोडा थोडा करून आणला होता. आधी हात, डावखुरे. मग केसांत अडकलेला ओक लाकडाचा भुसा. मग बेसूर शीळ. इथल्या पहिल्या हिवाळ्यात ती इस्त्री करायची तेव्हा तो टेबलाच्या पलीकडे बसायचा आणि वाफेतून तिच्याकडे बघायचा. तो नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी लांब कुठे लाकडावर हातोडा पडला की तिची मान वर व्हायची.

"मग पटकी?"

"फार हाल होतात."

"घोड्याची लाथ?"

"त्याच्याकडे कुठला घोडा?"

"अगं बाई, राजालासुद्धा इतकं निवडून मरण मिळत नाही!"

"झोपेत," ती म्हणाली. चादरीतून पाणी केव्हाच गळायचं थांबलं होतं. "दुपारी कामावरून आला, जरा आडवा झाला, आणि उठलाच नाही. खिडकीबाहेर सफरचंदाला फुलं आली होती, तेही लिहा."

"पाद्र्याला फुलं काय करायचीत?"

"लिहा हो."

कागद वाळल्यावर पर्किसने लिहिलं. ओबेडच्या बहिणीकडून, जरा वाकड्या अक्षरांत, दोन चुका मुद्दाम ठेवून. फुलंही घातली.

चार दिवस केझायाच्या पावलाखाली कागद चुरचुरत राहिला. ती त्या पायावर हलकेच चालायची. मालकिणीने विचारलं, "लचकला का गं?" ती हो म्हणाली.

पाचव्या दिवशी पाद्री टिडमार्शसाहेबांनी पत्र उलगडलं, नाकाजवळ नेलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"ईस्टरपासून मेलेला हा सहावा नवरा. चार बुडाले. एकाला बैलाने मारलं." त्यांनी चष्मा काढला. "हा झोपेत?"

"हो साहेब."

"हं. माणूस कसा होता?"

वय, गाव, चर्च, तारीख, सगळं पर्किसने घोटून घेतलं होतं. हे नव्हतं. केझायाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर कोणाच्या तरी कुंपणावर ऊन पडलं होतं.

"दारातून येताना वाकायचा, साहेब," ती म्हणाली. "दार उंच असलं, तरीही."

पुढचं वाक्य तिच्याकडे होतं, पण ते बाहेर येईना. तिने एप्रन तोंडाशी धरला, मग डोळ्यांशी, आणि मग तो खाली घेणं तिला जमलं नाही.

टिडमार्शसाहेबांनी टाक दौतीत बुडवला. चहाच्या वासाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी अर्ज ओढला, एक शब्द खोडला आणि त्याच्यावर 'विधवा' असं लिहिलं.

"हॉबर्टच्या सरकारी कचेरीतून मंजुरी येईल. मग तीन रविवार चर्चमध्ये लग्नासाठी तुमची नावं पुकारीन," ते म्हणाले. "जा आता. सावकाश जा."

सायलस बाहेर बैलगाडीवर बसला होता. ओबेडची गोष्ट तिने त्याला पहिल्याच भेटीत सांगितली होती, आणि तो पोट धरून हसला होता. तेव्हापासून कुठलंही पिंप गळायला लागलं की तो ओरडायचा, "ओबेडला बोलवा रे!"

"मिळाली?" त्याने विचारलं.

"पाठवतायत अर्ज. विधवा म्हणून."

"मग बिचाऱ्या ओबेडच्या नावाने एक घोट..." तो म्हणाला, आणि मग त्याला तिचा चेहरा दिसला.

त्याने टोपी काढली. ती मांडीवर ठेवावी की हातात धरावी ते त्याला ठरवता येईना. केझाया वर चढली तेव्हा तो फळीच्या पार कडेला सरकला. दुसऱ्या कडेला ती बसली. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

त्याने बैल हाकले. वाट खाचखळग्यांची होती, गाडी कधी त्याच्या बाजूला कलायची, कधी तिच्या. मालकाचं फाटक येईपर्यंत दोघंही फळीची आपापली कड घट्ट धरून बसले होते.