एकशे छप्पन्न चौरस फूट

"आठ बाय आठ," तरुण गुजराती इंजिनिअर कुशलने मोबाइल पुढे धरला. "चौदा रॅक आहेत. एकेक रॅक तीन बाय दीड, म्हणजे साडेचार फूट. टोटल त्रेसष्ट. खोली चौसष्ट फुटांची केली की एक फूट वर उरतोय, काका."

माधवराव खानविलकरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ताटात झुरळ निघावे तसे त्या आकड्याकडे पाहिले.

"वा! आणि आत शिरायचं कुठून, कुशलभाई? छपरातून?"

कुशल हसला. माधवरावांना ते हसणेही आवडले नाही. आपली चूक दाखवली की माणसाने निदान ओशाळावे. पण हल्लीच्या इंजिनिअरांना कॉलेजात तेवढेही शिकवत नसावेत.

मकरपुऱ्याच्या या पंपांच्या कारखान्यात माधवराव एकतीस वर्षे स्टोअरकीपर होते. एवढ्या काळात त्यांच्या डोळ्यांदेखत अकरा इंजिनिअर आले आणि गेले, आणि अकराही जणांची त्यांनी मनापासून कीव केली. खरेदी खात्याला ते बाजारबुणगे म्हणत. स्वतःच्या मेहुण्यालाही त्यांनी सोडले नव्हते. त्याने मांजलपूरला अकराशे फुटांचा म्हणून फ्लॅट घेतला, तेव्हा टेप घेऊन त्यांनी घरभर मोजमाप केले आणि भर वास्तुशांतीत जाहीर केले, की यातले तीनशे फूट जिन्यात आणि लिफ्टमध्ये आहेत, ते काही तुला रात्री अंथरूण घालायला मिळायचे नाहीत. मेहुणा त्यानंतर वर्षभर बोलला नव्हता. माधवरावांना त्याचे काही वाटले नाही.

आता कारखाना हालोलच्या नव्या शेडमध्ये जाणार होता आणि तिथे सुट्या भागांसाठी लहानसे स्टोअर बांधायचे होते. शेठनी माधवरावांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला होता. "नवो स्टोर ऊभो करी आपो, माधवभाई. पछी बे वरसनुं जोई लईशुं," असे ते आपल्या गुजरातीत म्हणाले होते. मार्चमध्ये माधवरावांना साठ पूर्ण झाली होती. शेठ 'जोई लईशुं' म्हणाले, म्हणजे दोन वर्षांचे पुढे बघू म्हणाले. पण माधवरावांनी घरी येऊन सांगितले की नोकरीची दोन वर्षे वाढवून मिळाली.

"लेखी दिलंय का?" मोहनाताईंनी विचारले होते.

"शेठकडे लेखी मागू? अगं, एकतीस वर्षं झाली! तुला काय कळतंय त्यातलं!"

लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती आणि मोहनाताईंना त्यातले काही कळते, असा एकही विषय माधवरावांना अजून सापडला नव्हता. मात्र त्या दोन वर्षांवर ते मनातल्या मनात बरेच काही बांधून बसले होते. घरी बसून दुपारभर टीव्ही बघणाऱ्या निवृत्त माणसांकडे ते आजवर ज्या नजरेने बघत आले होते, ती नजर त्यांना स्वतःवर नको होती.

"मोबाइल ठेवा खिशात," ते आता कुशलला म्हणाले. "जागा अंगानं मोजायची असते."

रिकाम्या झालेल्या पॅकिंग शेडमध्ये त्यांनी टेप, दोरी आणि खडू आणला. गुडघे कुरकुरत होते, पण कुशलने हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो झटकला. दोन लांबट ओळी आखल्या, प्रत्येक ओळीत सात रॅक. सात त्रिक एकवीस, ही झाली लांबी. दोन्ही बाजूंचे रॅक दीड-दीड फूट आणि मधे अडीच फुटांची वाट.

"घ्या हे खोकं, आणि चाला मधून."

बेअरिंगचे पंचवीस किलोचे खोके छातीशी धरून कुशल निघाला. शेवटच्या रॅकपाशी वळताना त्याचे कोपर रेषेबाहेर गेले.

"गेला माल खाली," माधवराव समाधानाने म्हणाले. त्यांनी अडीच फूट पुसून तीन केले. या वेळी खोके नीट वळले. "दीड, तीन, दीड. सहा फूट रुंदी. एकवीस सक एकशे सव्वीस. तुमच्या चौसष्टच्या जवळपास दुप्पट. नशीब समजा, मी आहे."

"मानलं, काका. एकदम बराबर."

"थांबा, संपलं नाही." दाराच्या अंगाला त्यांनी लांबी आणखी पाच फूट वाढवली. तिथे तीन बाय दोनचे टेबल आखले, टेबलामागे खुर्ची. या रेषा त्यांनी दोनदा गिरवल्या. टेबलावर रजिस्टर कुठे येईल, खिडकी कुठल्या हाताला हवी, हे त्यांचे आठवडाभर आधीच ठरले होते. "सव्वीस सक एकशे छप्पन्न. लिहा."

कुशलने लिहिले नाही. तो टेबलाकडे बघत होता.

"हे टेबल कोणासाठी, काका?"

"स्टोअरकीपर काय खोक्यावर बसणार?"

"नाही, म्हणजे... तिकडे स्टोअरला माणूस ठेवायचाच नाहीये ने. बारकोड लागणार. शेठ बोलले नाहीत तुम्हाला?"

माधवरावांनी हातातला खडू खिशात टाकला.

"आणि तुम्ही सगळ्या मालाचं लिस्टिंग इतकं फर्स्ट क्लास केलंय, की आता कोणीही जाऊन पार्ट काढू शकतो. शेठ पण तेच म्हणाले."

ते खरे होते. गेले सहा महिने त्यांनी खणाखणावर चिठ्ठ्या लावल्या होत्या, भागाचे नाव, आकार, चित्रसुद्धा. ते काही कौतुकाने केले नव्हते. हे अडाणी लोक सारखे येऊन विचारतात, गाढवालाही सापडेल असे लिहून ठेवतो, म्हणजे डोके खायचे नाहीत, एवढ्याच चिडीने केले होते. आपला अपमान झालाय हे त्यांना आधी जाणवले आणि मग घर आठवले. मोहनाला काय सांगायचे? ती काही बोलणार नाही, आणि तेच त्यांना सोसणार नव्हते.

कुशलला बिचाऱ्याला अवघडल्यासारखे झाले होते. घाईघाईने तो मोबाइलवर आकडे मारू लागला. "मग टेबलाचे सहा वजा करू. एकशे छप्पन्नमधून सहा गेले, दीडशे. राउंड फिगर!"

चुकीचे होते. बोलले नसते तर हालोलला चोवीस फूट फुकट बांधले गेले असते, आणि शेठची अक्कल कुठे गेली होती, असे माधवरावांना जन्मभर म्हणता आले असते. तोंडापर्यंत आलेले त्यांनी क्षणभर गिळून पाहिले. पण चुकीची वजाबाकी त्यांच्याच्याने बघवेना.

"सहा नाही," ते म्हणाले.

"तीन दुणे सहाच ने, काका?"

"टेबल सहाच खातं. बाकीचे चोवीस माणूस खातो. त्याला खुर्ची मागे सरकवायला लागते, उठायला लागतं, टेबलाच्या बाजूनं यायजायला लागतं. माणूसच नसेल तर हे सगळंच जाईल. तीस वजा करा."

कुशलने मान खाली घालून आकडा बदलला. "एकशे सव्वीस."

"एकवीस बाय सहा," माधवराव म्हणाले. "आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं लावा. आत उघडलं तर रॅकला अडेल."