घाव कोणत्या बाजूचे

मी एक जुने सागवानी दार आहे. मित्रांनो, दाराला कसले आले आयुष्य, असे वाटत असेल तर आधी माझ्या अंगावरचे अकरा घाव मोजा, मग बोलू.

मिस्त्रींनी स्वतःच्या फर्निचर कारखान्यासाठी मला घडवले. दोन बोटे जाड फळ्या, वर लोखंडी पट्ट्या. हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी फुगून जाई.

मग तो दिवस आला. कसल्याशा अफवेने पेटलेला जमाव दुकाने जाळत येत होता. आत तिघे कामावर होते, त्यांत मिस्त्रींचा धाकटा भाऊ. मिस्त्रींनी त्यांना आतच गप्प बसवले, मला बाहेरून कुलूप घातले आणि पळाले. कुलूप बघून जमाव पुढे जाईल, असा त्यांचा अंदाज होता. जमाव थांबला. खिडकीच्या गजांतून पेटते बोळे आत पडले, पॉलिशचे डबे भडकले. तिघांनी कुऱ्हाडी उचलल्या आणि मला फोडू लागले. घावावर घाव, खोकला, किंकाळ्या, जळत्या केसांचा वास. धाकट्याच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला, तेव्हा तो मला नखांनी ओरबाडू लागला. मी तुटले नाही. आयुष्यात एकदाच कच्चे निघायचे होते, तेवढेही मला जमले नाही.

जमाव पांगल्यावर मिस्त्रींनीच कुलूप काढले. तिघेही माझ्या पायाशी पडले होते.

आठ दिवसांनी त्यांनी एकट्याने मला उतरवले आणि आतली बाजू बाहेर करून बसवले. जमाव बाहेरून कुऱ्हाडी घालत होता, आपण आतून खांदा लावून उभे होतो, तिघे धुराने गेले, असे ते सांगू लागले. लोक माझ्या घावांवरून हात फिरवून हळहळत. मिस्त्रींचा सत्कारही झाला.

पन्नास वर्षे गेली. मिस्त्रींची नात विद्यापीठात शिकू लागली. तिला मुख्य विषय निवडायचा होता. अर्थशास्त्र घे, म्हणून वडील हात धुऊन मागे लागले होते. सुट्टीत ती मला रंग द्यायला बसली. सुताराच्या घरातली पोर ती. जुना रंग खरवडताना कुलपाच्या कडेला बुजवलेल्या बिजागऱ्यांच्या खाचा दिसल्या आणि तिचा हात थांबला. आतल्या गुळगुळीत बाजूला बाहेरून कुलूप घालायच्या जुन्या कडीची बुजवलेली भोकेही सापडली. तिने आजोबांना बोलावले.

"आजोबा, हे घाव आतून घातलेत."

आजोबा उंबऱ्यावर बसले. "किल्ली माझ्या खिशात होती गं. मी कोपऱ्यावर उभा होतो. आवाज येत होते. पाय उचलेना."

तिला त्यांची चीड आली आणि रडूही आले. हे मी लिहिणार, असे तिने सांगितले.

"मी मेल्यावर लिही."

"नाही. तुम्ही असताना. तुमच्या तोंडून ऐकून."

मग आजोबांनी त्या दोघा कामगारांची नावे सांगितली. पन्नास वर्षांत ती कोणी विचारली नव्हती.

अर्जावर तिने 'इतिहास' लिहिले. कारणाच्या रकान्यात एवढेच: आमच्या कारखान्याचं दार उलटं बसवलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी आणि नातीने मला पुन्हा फिरवले. मित्रांनो, मला तेल द्या, वाळवीपासून जपा. आणि कुलूप लावलेत, तर किल्ली घेऊन लांब जाऊ नका.